सोलापुरातला एआय आर्ट आणि एनएफटीचा क्लास केला, फी भरायच्या आधी हे वाचा

एआयने चित्रं बनवा, एनएफटी म्हणजे चित्राला जोडलेला डिजिटल टोकन (मालकीची नोंद) म्हणून विका, घरबसल्या डॉलरमध्ये कमवा असे वीकेंड क्लास सोलापुरात निघालेत, त्यातला एक मी पूर्ण केलाय आणि ओळखीतले बरेच जण विचारतायत की जावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. क्लासचं नाव टाकत नाही, कारण दुसऱ्या क्लासला गेलेल्यांशी बोललो तर त्यांनाही याच स्लाईड दाखवल्या होत्या, म्हणजे हा एकट्याचा विषय नाही. सात रस्त्याजवळ पहिल्या मजल्यावर हॉल आहे, दोन वीकेंडचा कोर्स, फी साडेसहा हजार, वायफाय चांगलं, चहा मिळतो. मी जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर आणि टॉवेलची डिझाईन करतो, त्यामुळे माझं बघणं त्या अंगाने आहे हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला वीकेंड म्हणजे चित्र बनवायला शिकणं, हे पैसे वसूल. दुसरा वीकेंड म्हणजे विकणं, यात जे सांगायला पाहिजे होतं तेच राहिलं आणि ते राहणं मला चुकीचं वाटतं, कारण समोर बसलेली माणसं लई अपेक्षेने आलेली होती. इंजिनिअरिंगची पोरं होती, लग्नपत्रिका छापणारे एक काका होते, मेहंदी काढणारी एक ताई होती, आणि भद्रावती पेठेतले एक अण्णा होते ज्यांनी माग विकून टाकलेत आणि जुन्या डिझाईनच्या ग्राफची, म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेल्या नक्षीची, पेटी तेवढी जपून ठेवलीय. यातला कुणीच टाईमपास म्हणून आलेला नव्हता.

आधी चांगलं सांगतो. शिकवणारा पोरगा हुशार आहे आणि मनापासून शिकवतो, प्रत्येकाच्या शेजारी बसून दाखवतो, कुणी तेच परत विचारलं तरी चिडत नाही. मिडजर्नी नावाचं चित्र बनवणारं एआय, जे महिना १० डॉलरपासून मिळतं, आणि स्टेबल डिफ्युजन, जे ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि चांगलं ग्राफिक कार्ड असेल तर आपल्या कॉम्प्युटरवर फुकट चालतं, हे दोन्ही त्याने करून दाखवलं. प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला द्यायची लेखी सूचना, कसा लिहायचा, उजेड कुठून येतो, कॅमेरा कुठे आहे, कापड कसलं आहे हे शब्दात कसं पकडायचं हे फार छान समजावलं. काकांनी दुपारपर्यंत पत्रिकेसाठी गणपतीच्या चौकटी बनवल्या त्या खरंच छापण्यासारख्या होत्या.

पण सोलापूर मागितलं की या मशीनची दमछाक होते. सिद्धेश्वर मंदिर लिहिलं तर तळ्यात दक्षिणेकडचं उंच गोपुर उभं केलं, परत करायला सांगितलं तर अमृतसरसारखं काहीतरी सोनेरी आलं. नंदीध्वज लिहिलं तर एक बैल तोंडात झेंडा धरून उभा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले लोक ती उंच काठी तोलत पेलत नेतात, हे त्याने कधी पाहिलंच नाही तर काढणार कुठून. नान्नजचा माळढोक मागितला तर चक्क शहामृग. हे असं का होतं तेही पोराने नीट सांगितलं, की स्टेबल डिफ्युजनसारखी मॉडेल ज्या लायन-५बी नावाच्या साठ्यातून शिकली त्यात जवळपास ५८५ कोटी चित्रं आणि त्यांची वर्णनं आहेत, सगळी इंटरनेटवरून उचललेली, आणि आपल्या गावाचे फोटो नीट वर्णन लिहून कुणी टाकलेच नाहीत तर त्याला कळणार कसं.

यावर त्याने दाखवलेला उपाय म्हणजे आख्ख्या कोर्समधली सगळ्यात कामाची गोष्ट. नुसत्या शब्दांवर अवलंबून राहायचं नाही, आपलं स्वतःचं रेखाटन किंवा फोटो सोबत द्यायचा आणि त्यावर काम करून घ्यायचं. अण्णांच्या पेटीतला एक जुना मोराचा ग्राफ मोबाईलवर स्कॅन करून घातला आणि त्यातून जे किनारीचे प्रकार निघाले ते बघून अण्णा खुर्ची सरकवून पुढेच येऊन बसले. मलाही त्यात कामाचं दिसलं. अर्थात ते तसंच्या तसं मागावर जात नाही हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. एआयच्या चित्रात लाखो रंगछटा असतात, चादरीत सूत मोजक्याच रंगांचं, त्यामुळे रंग कमी करा, कडा साफ करा, किनार जुळवा, रिपीट बसवा हे सगळं हातानेच आलं. आणि १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायला गेलं तर साडेतीन इंचसुद्धा भरत नाही, पोस्टर पाहिजे तर अपस्केल, म्हणजे मशीनकडून मोठं, करावं लागतं आणि अपस्केल करताना मशीन स्वतःच्या मनाने बारकावे भरतं, बोटं, अक्षरं, दागिने नीट बघून घ्यावे लागतात. हे क्लासमध्ये पाचच मिनिटात उरकलं, याला अर्धा दिवस पाहिजे होता.

आता दुसरा वीकेंड.

पहिलीच स्लाईड बीपल या अमेरिकन डिजिटल चित्रकाराच्या एनएफटीची. मार्च २०२१, क्रिस्टीज हे लिलावघर, ६ कोटी ९३ लाख डॉलर. हॉलमध्ये सगळे गप्प, आकडाच तसा आहे. पण तो आकडा एआय आर्टच्या क्लासमध्ये दाखवताना हे सांगायला पाहिजे की ते चित्र एआयने केलेलं नाही, त्या माणसाने १ मे २००७ पासून रोज एक चित्र केलं आणि अशा ५००० चित्रांचं ते कोलाज आहे, आणि लिलावाच्या आधीपासून त्याला बघणारे लाखो लोक होते. घेणारा विग्नेश सुंदरेसन म्हणजे क्रिप्टोमध्ये, म्हणजे डिजिटल चलनातच मोठा झालेला माणूस. आपण चार प्रॉम्प्ट मारून केलेलं चित्र आणि ते एकाच वाक्यात बसवलं तर समोरच्या ताईच्या डोक्यात काय हिशोब सुरू होईल सांगा की.

एआयचंच उदाहरण पाहिजे होतं तर ऑक्टोबर २०१८ चं एडमंड डी बेलामी आहे, ते खरोखर अल्गोरिदमने काढलेलं आणि क्रिस्टीजमध्येच ४ लाख ३२ हजार ५०० डॉलरला गेलं. ते दाखवलं असतं तर त्याच्या मागचा वादही सांगता आला असता, की ऑब्व्हियस नावाच्या त्या फ्रेंच ग्रुपने रॉबी बॅरॅट या तरुण पोराने इंटरनेटवर खुला टाकलेला कोड वापरला होता, पैसे ग्रुपला मिळाले आणि कोड लिहिणाऱ्याचं नाव नंतर चर्चेत आलं. चित्र नेमकं कुणाचं हा प्रश्न तेव्हापासून आहे, आणि आपल्या सोलापूरला तो प्रश्न नवा नाही.

सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाला मिळणारा नावाचा हक्क, मिळालाय, तरीही पानिपतला बनलेली चादर सोलापुरी म्हणून देशभर विकली जाते, अगदी आपल्या इथल्या दुकानातही येते, हे सगळ्या पेठेला माहितीय. डिझाईन इथल्याने काढायचं, वीण इथल्याने बसवायची आणि माल कुणीतरी दुसऱ्यानेच स्वस्तात काढायचा. त्यामुळे क्लासमध्ये जेव्हा सांगितलं की ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीत, मालकीची नोंद कायमची होते, कुणीच नक्कल करू शकत नाही, तेव्हा अण्णा ताडकन म्हणाले, "सर, माझा हा मोर दुसऱ्या कोणी माझ्या आधी तिथं चढवला तर?" पोरगा म्हणाला, "अण्णा, तसं होत नाही, टोकन युनिक असतो." अण्णा म्हणाले, "टोकन युनिक असंल हो, मोराचं विचारतोय मी." पुढे चहाची वेळ झाली आणि विषय राहूनच गेला.

त्याचं उत्तर असं आहे की होय, चढवू शकतो. ज्या ईआरसी-७२१ पद्धतीने हे टोकन बनतात त्यात नोंद एवढीच होते की अमुक वॉलेटने (डिजिटल पाकिटाने) अमुक नंबरचा टोकन काढला आणि आता तो तमुक वॉलेटकडे आहे. चित्र काढलं कुणी हे ब्लॉकचेन तपासत नाही, तपासूच शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओपनसी या एनएफटीच्या बाजाराने स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्या फुकट मिंट करायच्या, म्हणजे टोकन बनवायच्या, सोयीतून बनलेल्या गोष्टींपैकी ८० टक्क्यांहून जास्त चोरलेल्या, नकली किंवा स्पॅम होत्या. म्हणजे बाजार चालवणाराच सांगतोय. आणि बहुतेक वेळा चित्रसुद्धा ब्लॉकचेनवर नसतं, तिथे फक्त लिंक असते, चित्र दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवर किंवा आयपीएफएस नावाच्या सामायिक साठ्यावर, तो सर्व्हर बंद पडला किंवा कुणी ते सांभाळणं सोडलं तर घेणाऱ्याच्या हातात नुसता नंबर राहतो. अण्णांना हे त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, मी नंतर जिन्यात सांगितलं आणि ते ग्राफ कुठेही अपलोड करायच्या आधी तारखेसह फोटो काढून ठेवा, डिझाईन नोंदवायचं असेल तर वकिलाला विचारा असंही बोललो.

कॉपीराईटवर एकच ओळ होती स्लाईडवर, "तुम्ही बनवलं म्हणजे तुमचं". एवढं सरळ नाहीये ते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिकच्या बाबतीत तिथल्या कॉपीराईट ऑफिसने ठरवलं की लेखन आणि मांडणीला संरक्षण आहे पण मिडजर्नीने काढलेल्या चित्रांना नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये थेलर खटल्यात कोर्टाने सांगितलं की माणूस लेखक नसेल तर कॉपीराईट नाही, मार्च २०२५ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच धरून ठेवलं. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात कॉम्प्युटरने तयार झालेल्या कामाचा लेखक म्हणजे ते काम घडवून आणणारा माणूस असं लिहिलंय, पण ती ओळ आजचं एआय डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली नव्हती. आणि गिऱ्हाईक जर परदेशातला असेल, जो एनएफटीत बहुतेक असतोच, तर त्याच्या देशात तुमच्या चित्रावर तुमचा हक्क आहे का हा प्रश्न येतोच.

यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती म्हणजे प्रॉम्प्टच्या तयार यादीत जिवंत चित्रकारांची नावं होती. ग्रेग रुटकोव्स्की हे पोलिश चित्रकाराचं नाव तर प्रत्येक दुसऱ्या ओळीत. या माणसाने २०२२ मध्येच जाहीरपणे सांगितलंय की त्याचं नाव वापरून लोकांनी इतकी चित्रं पाडलीयत की त्याची स्वतःची चित्रं शोधणं अवघड होईल अशी भीती त्याला वाटते, आणि जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन, कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी चित्रं बनवणाऱ्या एआयच्या कंपन्यांवर खटलाही टाकलाय. क्लासमधल्या एका पोराने हुसेन स्टाईल घोडे लिहून घोडे काढले आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे, तिथेच जन्मलेले. शैलीवर कायद्याने हक्क सांगता येत नाही हे खरंय, पण त्यांच्या एखाद्या चित्राची नक्कल झाली तर ते २०११ ला गेले, त्यानंतर ६० वर्षं म्हणजे २०७१ संपेपर्यंत कॉपीराईट चालू आहे. कायद्याचं बाजूला ठेवा, पानिपतच्या चादरीवर पेठेत बसून चिडायचं आणि हॉलमध्ये दुसऱ्याच्या हाताचं वळण विकायला काढायचं हे मला पटत नाही. यादी देताना ही नावं काढून टाकावीत एवढी माझी त्या पोराला कळकळीची विनंती आहे.

वॉलेटचा भाग ठीक होता. मेटामास्क हे वॉलेट बसवून दिलं, ते परत उघडायचे बारा शब्द कागदावर लिहून ठेवा, फोटो काढू नका, कुणालाच सांगू नका हे तीनदा बजावलं, ते चांगलं केलं. लेझी मिंटिंगही नीट कळलं, म्हणजे आधी गॅस फी, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंद करायचा खर्च, न भरता नुसतं विक्रीला ठेवता येतं. पण ठेवता येतं आणि विकलं जातं यातलं अंतर कुणी बोललं नाही. सप्टेंबर २०२३ च्या डॅपगॅम्बलच्या अहवालात ७३,२५७ कलेक्शन तपासली त्यातल्या ६९,७९५ ची बाजारातली किंमत शून्य इथर (एक क्रिप्टो चलन) निघाली. ट्विटरच्या जॅक डॉर्सीचं पहिलं ट्विट एनएफटी म्हणून २९ लाख डॉलरला घेणाऱ्याने एप्रिल २०२२ मध्ये ४ कोटी ८० लाख डॉलरला विकायला काढलं तेव्हा बोली लागली २८० डॉलरच्या आसपास. हे आकडे शोधायला कुणाला त्रास नाही, बीपलच्या स्लाईडनंतर एक स्लाईड एवढंच काम होतं.

रॉयल्टीचंही तसंच. दरवेळी पुढे विकलं गेलं की आयुष्यभर १० टक्के येत राहणार असं सांगितलं, तर ऑगस्ट २०२३ मध्येच ओपनसीने जाहीर केलं की क्रिएटर फी, म्हणजे हीच रॉयल्टी, देणं विकणाऱ्याच्या मर्जीवर, सक्ती बंद. ताईने वहीत १० टक्के लिहून त्याखाली रेघ मारली होती, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितोय.

टॅक्स तर कुणी तोंडातच घेतला नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो आणि एनएफटीसारख्या डिजिटल मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस, तुमचा स्लॅब कुठलाही असो. वजा करायला फक्त खरेदीची किंमत मिळते, सॉफ्टवेअरचे पैसे, गॅस फी धरायची सोय नाही, आणि एकात तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठराविक रकमेच्या वर १ टक्का टीडीएस. आपण स्वतः बनवलेला टोकन पहिल्यांदा विकला तर ते धंद्याचं उत्पन्न धरायचं की या ३० टक्क्यात, यावर सीए लोकांचीच मतं वेगवेगळी आहेत, म्हणून पैसे खात्यात यायच्या आधी आपल्या सीएकडे जाऊन या. एक बारीक पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ३० जून २०२२ च्या अधिसूचनेत असं आहे की ज्या टोकनसोबत एखाद्या खऱ्या, हातात धरता येणाऱ्या वस्तूची मालकी कायदेशीरपणे बदलते तो टोकन या एनएफटीच्या व्याख्येत धरलेला नाही.

मला यात रस वाटतो तो इथेच. नुसतं स्क्रीनवरचं चित्र विकायला आपण जगातल्या लाखो लोकांच्या गर्दीत उभे राहणार, तिथे आपल्याला कोण ओळखतो. पण मोजक्या चादरी, जुन्या ग्राफवरून काढलेलं डिझाईन, एआय फक्त मधल्या प्रयोगांना वापरलेलं, आणि सोबत कुणी डिझाईन केलं, कुठल्या मागावर निघाली याची डिजिटल नोंद, असं केलं तर घेणाऱ्याला रात्री अंगावर घ्यायला चादर तरी आहे. अडचण यातही आहे, लेबलवरच्या क्यूआर कोडचा फोटो काढून तोच कोड पानिपतच्या मालावर छापता येतो, म्हणून प्रत्येक नगाला वेगळा नंबर आणि विकला की ती नोंद गिऱ्हाईकाच्या नावावर चढवणं हे काटेकोर केलं तरच उपयोग. त्याला ब्लॉकचेनच पाहिजे असंही नाही, साधी वेबसाईट आणि प्रामाणिक वही चालते. अण्णांशी याच्यावर बोलणं चालू आहे, त्यांच्या पेटीतल्या ग्राफवर त्यांचंच नाव जाईल ही पहिली अट आहे.

कुणी जावं विचाराल तर पत्रिका, फ्लेक्स, मेहंदी, साडी, चादर, फोटो यातलं काही करत असाल तर पहिल्या वीकेंडला नक्की जा, महिन्याभरात कामात फरक पडेल, काकांचा पडलाय, त्यांच्या नव्या पत्रिका नवी पेठेत लोक मागून नेतायत. नोकरी नाही म्हणून एनएफटीतून कमवू असं ठरवून जात असाल, त्यातही उसने पैसे घेऊन, तर कृपा करून जाऊ नका. चित्र शिकवण्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, विक्रीच्या भागाला दीड, आणि तो दीडसुद्धा वॉलेटच्या सुरक्षेसाठी.

वरचं सगळं मी शिकवणाऱ्या पोराला समोर बसून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वाद घातला नाही, पुढच्या बॅचपासून पहिला वीकेंड वेगळा करून तीन हजारात देतो आणि टॅक्ससाठी एका सीएला तासभर बोलावतो म्हणाला. म्हणून फोन कराल तेव्हा फक्त पहिला भाग पाहिजे असं स्पष्ट बोला, पावती मागून घ्या, आणि लॅपटॉप स्वतःचा न्या, हॉलमधले दोन कॉम्प्युटर फार हळू चालतात.